गॅस संपत नसतो, मंडळी!



मे महिना उजाडला की आपल्यात एक प्रश्न हमखास फिरायला लागतो. "एसी थंड करत नाहीये, कोणी चांगला एसीवाला माहीत आहे का?" मग पाच जण पाच नंबर देतात. त्यातला एक बंद असतो, एक उचलत नाही आणि उरलेले तिघं येऊन एकच वाक्य बोलतात, "सर, गॅस खतम हो गया." आपण खिशात हात घालतो, गॅस भरून घेतो आणि विषय संपतो. म्हणजे संपला असं आपल्याला वाटतं.

मीही वर्षानुवर्षं हेच करत होतो. २०२३ च्या ऑगस्टमध्ये मला त्याची चांगलीच अद्दल घडली. म्हणून यावेळी नुसता नंबर न देता सगळी हकिगतच लिहून पाठवतोय. जरा लांबली आहे, तेव्हा चहा घेऊनच बसा.

आधी थोडी पार्श्वभूमी. मी रास लफानला एलएनजी प्लांटमध्ये इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये आहे. तिथे नैसर्गिक वायू उणे १६२ अंशांपर्यंत गार करून त्याचा द्रव करतात आणि जहाजात भरून जगभर पाठवतात. असल्या कारखान्यात दिवसभर राबणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरातली बारा बाय चौदाची बेडरूम २४ अंशांवर आणता येऊ नये, हा विनोद आमच्या सौ. ने त्या तीन दिवसांत किमान दहा वेळा केला. (ह. घ्या. असं ती म्हणाली नाही, मीच हलकं घेतलं.)

आम्ही राहतो ओल्ड एअरपोर्ट भागात, एका व्हिलाच्या वरच्या पोर्शनमध्ये. डोक्यावर थेट गच्ची. गच्चीवर पाण्याच्या टाक्या, डिश अँटेना आणि सगळ्या पोर्शनचे एसीचे बाहेरचे डबे एका रांगेत. इथे राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, पण नव्याने आलेल्यांसाठी सांगतो: उन्हाळ्यात आपण गीझर बंद ठेवतो, कारण गच्चीवरच्या टाकीतलं 'गार' पाणीच चटका देतं आणि गीझरमध्ये घरात थांबलेलं पाणी त्यापेक्षा निवलेलं असतं. ही गोष्ट लक्षात असू द्या, पुढे उपयोगी पडेल. जी गच्ची टाकीचं असं करते, ती तिथेच ठेवलेल्या यंत्राचं काय करत असेल?

तर त्या ऑगस्टमध्ये आमची धाकटी जेमतेम तीन आठवड्यांची होती. सिझेरियन झालेलं, त्यामुळे सौ. ला उठबस करणं कठीण. बाळंतपणासाठी आई अकोल्याहून आलेली. आल्या दिवसापासून आईचं आणि एसीचं वाकडं. बाळंतिणीला गार वारा लागू नये, बाळाच्या कानात कापूस घाला, शेक-शेगडी कुठे करायची, हे सगळं रीतसर झालं. शेवटी २७ अंशांवर तह झाला. आईचं म्हणणं, "आम्ही अकोल्यात ४७ पाहिलाय. कूलरवर काढले उन्हाळे. काऊन इतकं थंड लागतं तुम्हाले?"

गुरुवारी संध्याकाळी कंपनीच्या बसने घरी आलो तर बेडरूम कोमट. एसीचा पंखा चालू, दिवा चालू, पण येणारी हवा नुसती हवा. पहिला संशय अर्थातच आईवर. "आई, रिमोटला हात लावलास का?" आई म्हणाली, "मी कशाला लावू तुझ्या त्या रिमोटले?" मी ते खरं मानलं नाही, हे आज कबूल करतो. रिमोट तपासला. बर्फाचं चिन्ह होतं, म्हणजे कूलवरच होता. मग जाळ्या काढून धुतल्या. त्यावर बोटभर धूळ निघाली. रात्री नऊपर्यंत खोली गार झाली. मी विजयी मुद्रेने जाहीर केलं, "बघा, फिल्टर होता!"

शुक्रवारी दुपारी बाराच्या सुमारास पुन्हा तेच. सुट्टीचा दिवस, ओळखीचा कोणी येईना. कसाबसा एक जण संध्याकाळी सहाला आला. त्याने गच्चीवर जाऊन पाइपला हात लावला, म्हणाला, गॅस कमी आहे. नळी जोडली, सिलिंडर उघडला, पाच-सात मिनिटांत बंद केला. दोनशे रियाल घेतले. रात्री खोली इतकी सुंदर गार झाली की आईने दुलई मागितली. मी पुन्हा जाहीर केलं, "बघा, गॅस होता!"

शनिवारी एसी अकरालाच बंद पडला. म्हणजे आदल्या दिवसापेक्षा तासभर आधी.

आता मला सांगा, इन्स्ट्रुमेंटेशनची पंधरा वर्षं नोकरी केलेल्या माणसाला इथे काहीतरी दिसायला हवं होतं की नाही? गुरुवारी रात्री गार झालं, शुक्रवारी रात्री गार झालं. दोन्ही वेळा मी काहीतरी केलं होतं, पण दोन्ही वेळा आणखी एक गोष्ट झाली होती: रात्र झाली होती. काम रात्रीने केलं आणि श्रेय आधी जाळीला, मग गॅसला मिळालं. ऑफिसात कोणी ज्युनिअरने असा निष्कर्ष काढला असता तर मी त्याला फाडून खाल्लं असतं.

पण तेव्हा डोकं चालत नव्हतं. बेडरूम ३३ वर गेली. हॉलमधला विंडो एसी जुना, तो दुपारी स्वतःच धापा टाकतो. बाळाच्या मानेवर घामोळं उठलेलं, ती किरकिर करतेय, सौ. ला टाके ओढतायत. आईने ओला पंचा दारात टांगला. अकोल्यात तो चालतो, कारण तिथल्या एप्रिल-मेची हवा कोरडी ठणठणीत. पाणी चटकन सुकतं आणि सुकताना उष्णता घेऊन जातं. कूलर आणि वाळ्याच्या ताट्या त्याच तत्त्वावर चालतात. दोह्याचा ऑगस्ट म्हणजे समुद्राची वाफ. आखातातली दमट हवा किती टोकाला जाते, याचा एकच दाखला देतो: ८ जुलै २००३ ला समोरच्या किनाऱ्यावर सौदीच्या धाहरानमध्ये दवबिंदू ३५ अंश नोंदला गेला होता. दवबिंदू त्वचेच्या तापमानाच्या इतक्या जवळ आला की घाम सुकायला जागाच उरत नाही. आईचा पंचा तासाभराने जसा टांगला तसाच ओला होता. ती पंच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "कर बाप्पा सुरू तुझा तो एसी. किती का पैसे लागेनात."

आदल्या दिवशीच्या माणसाला फोन लावला. न बघताच त्याचं निदान तयार, "कॉम्प्रेसर गया सर, सोलह सौ लगेगा." मग एका मित्राने त्याच्या कंपनीच्या मेंटेनन्सवाल्यांना सांगितलं आणि साडेबाराला एक गृहस्थ आले. मल्लापुरमचे, पन्नाशीचे, दोह्यात अठरा वर्षं काढलेले. त्यांचा मदतनीस त्यांना इक्का म्हणत होता, आपणही इक्काच म्हणू.

इक्कांनी बूट काढले, बेडरूममध्ये येऊन बाळाकडे पाहिलं आणि टूलकिट न उघडताच प्रश्न सुरू केले. दिन में बंद होता है या रात में? बंद होता है तब ऊपर का पंखा घूमता है क्या? ऊपर का यूनिट कब धोया था? आणि शेवटचा प्रश्न, "गॅस डाला तो कितना ग्राम डाला?"

मी हसलो. ग्रॅम? गॅस कधी कोणी वजन करून घालतं का?

"डालना चाहिए सर," ते म्हणाले. "यूनिट की प्लेट पे लिखा रहता है."

म्हटलं ठीक आहे, आता वर जाऊन बघा. त्यावर इक्का म्हणाले, "साढ़े तीन के बाद."

आणि मंडळी, माझं डोकं फिरलं. घरात तीन आठवड्यांचं बाळ आहे, हे दिसत नाही का? जास्त पैसे देतो. दहा मिनिटांचं तर काम आहे! मी काय काय बोललो ते सगळं लिहीत नाही. इक्का शांत होते. एवढंच म्हणाले, "सर, कानून है. और कानून नहीं होता तो भी नहीं चढ़ता. मेरा भी घर है."

कायदा खराच आहे आणि आपल्या बहुतेकांना तो माहीतही आहे, कारण साइटवर आपणच त्याचे बोर्ड लावतो. २०२१ च्या निर्णयानुसार १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी १० ते दुपारी ३:३० उघड्यावर उन्हात काम करवून घेता येत नाही. त्याआधी २००७ पासून हीच बंदी साडेअकरा ते तीन आणि तीही १५ जून ते ऑगस्टअखेर एवढीच होती. शिवाय ऊन, दमटपणा आणि वारा मिळून काढलेला निर्देशांक ३२.१ अंशांवर गेला की वेळ कोणतीही असो, काम थांबवायचं. प्लांटमध्ये मी हे सगळं कटाक्षाने पाळतो. घरी मात्र गच्ची म्हणजे 'साइट' नाही, असं मी मनाशी धरून चाललो होतो.

रागाच्या भरात मी स्वतःच वर गेलो. शिडीचा दांडा धरला आणि सोडून दिला, चटका बसला. चप्पल असूनही पायाखाली तवा. बाहेरच्या डब्याजवळ वाकलो तर शेजारच्या तीन डब्यांची गरम हवा थेट तोंडावर. डब्याचा पंखा फिरत होता, पण आळसावल्यासारखा, पाती मोजता येतील इतका हळू. मागची जाळीदार बाजू पाहिली तर तिथे राखाडी रंगाची गोधडी चिकटलेली. धूळ, वाळू, कबुतराची पिसं. एवढं पाहेपर्यंत कानात घण वाजायला लागले. खाली उतरताना दोन पायऱ्या दिसल्याच नाहीत. जेमतेम आठ मिनिटं झाली असतील. घरात येऊन जमिनीवर बसलो आणि इक्कांनीच मदतनिसाला पाणी आणायला सांगितलं.

२०१९ साली 'कार्डिऑलॉजी' या नियतकालिकात कतारमधल्या नेपाळी कामगारांवर एक अभ्यास आला होता. २००९ ते २०१७ मधल्या त्यांच्या हृदयविकाराच्या ५७१ मृत्यूंपैकी २०० पर्यंत मृत्यू, उन्हापासून नीट संरक्षण मिळतं तर टळू शकले असते, असा त्याचा निष्कर्ष. मी तो वाचलेला होता. ऑफिसच्या सेफ्टी मीटिंगमध्ये त्यावर मान डोलावलेली होती. आणि तोच मी साडेबाराला पन्नाशीच्या माणसाला गच्चीवर चढवायला निघालो होतो.

पाणी पिऊन झाल्यावर इक्का म्हणाले, "पहले बच्चे को हटाओ. मशीन बाद में."

इतकी साधी गोष्ट! तीन दिवस आम्ही एसी दुरुस्त करण्याच्या नादात होतो, पण माणसं हलवायचं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मी खाली जाऊन इजिप्शियन शेजाऱ्यांची बेल वाजवली. चार वर्षं जिन्यात फक्त 'सलाम अलैकुम' एवढीच ओळख. पाच मिनिटांत त्यांनी त्यांची एक खोली रिकामी करून दिली. दोघांनी सौ. ला धरून खाली नेलं. आई आणि त्या बाईंना एकमेकींचं एक अक्षर कळत नव्हतं, पण बाळाच्या घामोळ्यावर दोघींची चर्चा संध्याकाळपर्यंत चालली होती. इक्का आणि त्यांचा मदतनीस आमच्या हॉलमध्ये पंख्याखाली बसले. आईने जाता जाता त्यांना ताक दिलं होतं.

त्या तीन तासांत इक्कांकडून जे शिकलो, ते माझ्या भाषेत सांगतो. कारण या लिहिण्याचा मुख्य मुद्दा तोच आहे.

एसी थंडी तयार करत नाही. तो उष्णता उपसतो. त्याचं खरं नाव उष्णतेचा पंप. आपल्या आजोबांच्या विहिरीवरची मोट आठवा. खोली म्हणजे विहीर, उष्णता म्हणजे पाणी. गॅस म्हणजे मोट, जी विहिरीत उतरते, भरते, वर येऊन रिकामी होते आणि पुन्हा उतरते. बैल म्हणजे कॉम्प्रेसर. आणि गच्चीवरचा कॉइल आणि पंखा म्हणजे थारोळं आणि पाट, जिथून पाणी वाहून जायला हवं.

आता सांगा, मोट कधी 'संपते' का? मोट फाटते, गळते. ती बैलाच्या चाऱ्यासारखी खर्च होत नाही. एसीचा गॅसही तसाच. बंद नळ्यांमध्ये तोच तो गॅस वर्षानुवर्षं फिरतो. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळतोय. गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे फाटक्या मोटेत पाणी ओतणं. शिवाय हा काही निरुपद्रवी वायू नाही. सध्याच्या बऱ्याच स्प्लिटमध्ये असतो तो आर-४१०ए हवेत सुटला तर पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २००० पट भारी. जुन्या एसीतला आर-२२ ओझोनचा शत्रू, म्हणून तर मॉन्ट्रियल कराराखाली तो टप्प्याटप्प्याने बंद होतोय.

आमच्याकडे मोट शाबूत होती, पाट तुंबला होता. उपसलेली उष्णता बाहेर टाकायला वाट नव्हती. रात्री बाहेरची हवा जरा उतरली की कसंबसं निभायचं. दुपारी ऊन चढलं की दाब वाढायचा, कॉम्प्रेसर तापायचा आणि त्याच्या आतलं संरक्षण त्याला बंद करायचं. तास-दीड तासाने निवला की पुन्हा सुरू, पुन्हा बंद. शुक्रवारच्या जादा गॅसने काय केलं? आधीच तुंबलेल्या पाटात आणखी मोठी मोट रिकामी केली. दाब अजून वाढला, म्हणून शनिवारी एसी तासभर आधी बसला. दोनशे रियाल देऊन मी बिघाड वाढवून घेतला होता.

त्यात आपल्या इथली हवा. एसीची क्षमता मोजण्याची नेहमीची अट असते बाहेर ३५ अंश, ज्याला टी-१ म्हणतात. आखातासारख्या प्रदेशांसाठी वेगळी अट आहे टी-३, म्हणजे बाहेर ४६ अंश. दोह्यात १४ जुलै २०१० ला ५०.४ अंश नोंदले गेले आहेत. गच्चीवर डब्यांच्या रांगेत तर हवा त्याहून तापलेली. विहीर तीच, पण थारोळं आणखी दोन पुरुष उंच बांधल्यासारखं. बैल दमणारच. नवा एसी घेताना म्हणूनच दुकानदाराला टी-३ आहे का, ते आधी विचारा.

साडेतीन वाजून गेले, तसे इक्का वर चढले. मीही गेलो, यावेळी टोपी घालून. पहिल्यांदा त्यांनी मेन स्विच बंद केला. मग पंख्याचा कपॅसिटर काढून, त्यातला साठलेला करंट उतरवून, मीटरवर मोजला. त्यावर लिहिलेलं ५ मायक्रोफॅरड, मीटर म्हणाला २.९. पंखा आळशी का, ते कळलं. मदतनीस नजम्याला जाऊन नवा घेऊन आला, २५ रियाल. तोवर इक्कांनी डब्याचं झाकण काढून कॉइल आतून बाहेर असा साध्या पाइपने धुतला. खाली जे पाणी वाहत होतं ते पावसाळ्यातल्या गटारासारखं. मग नळी जोडून शुक्रवारचा गॅस रिकाम्या सिलिंडरमध्ये काढून घेतला, हवेत सोडला नाही. यंत्राच्या प्लेटवरचं वजन वाचलं, छोटा काटा मांडला आणि तेवढाच गॅस मोजून घातला. नळ्यांच्या जोडांना साबणाचं पाणी लावून पाहिलं, एकही बुडबुडा नाही. म्हणजे गळती कधी नव्हतीच.

सव्वापाचला एसी सुरू केला. मी स्वयंपाकघरातला डिजिटल थर्मामीटर घेऊन बसलो होतो. आत जाणारी हवा ३१, बाहेर येणारी २०. त्या दिवशी मला तो आकडा उणे १६२ पेक्षा मोठा वाटला. सगळं मिळून २२० रियाल झाले. सोळाशेचा कॉम्प्रेसर अजून तोच आहे आणि चालतोय.

आता कामाची गोष्ट. एसी थंड करत नसेल तर फोन करण्याआधी हे बघा:

१. सर्वात आधी बाळं, म्हातारी माणसं आणि आजारी माणसं दुसरीकडे हलवा. शेजारी, मित्र, मॉल, काहीही. मग घाई उरत नाही, आणि घाईतच पैसे जातात.

२. रिमोट. बर्फाचं चिन्ह हवं. 'हॉट अँड कोल्ड' एसीत सूर्याचं चिन्ह जानेवारीपासून तसंच राहिलेलं मी अल वक्राच्या एका मित्राकडे पाहिलंय. चिन्ह बर्फाचं असूनही गरम हवा येत असेल, तर उष्णतेची दिशा बदलणारा व्हॉल्व्ह अडकलेला असू शकतो. ते आपलं काम नाही, पण मेकॅनिकला तसं सांगा.

३. जाळ्या. उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी धुवा. वाळूचं वादळ होऊन गेलं की लगेच.

४. पंधरा मिनिटं चालवून आत जाणारी आणि बाहेर येणारी हवा मोजा. साधारण ८ ते १२ अंशांचा फरक हवा. हवा फार दमट असेल तर थोडा कमी येतो.

५. वेळ लिहून ठेवा. रात्री बरा आणि दुपारी बंद, असं असेल तर पहिला संशय गच्चीवरच्या धुळीवर आणि पंख्यावर. रात्रंदिवस सारखाच कोमट असेल, किंवा बाहेरच्या बारीक नळीवर बर्फ धरत असेल, तर गॅसचा संशय रास्त आहे.

६. गॅस भरायचा म्हणाला की दोनच प्रश्न विचारा: गळती कुठे आहे? आणि किती ग्रॅम घालणार? ज्याच्याकडे उत्तर नाही त्याला चहा पाजून परत पाठवा.

७. झाकण स्वतः उघडू नका. स्विच बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये झटका शिल्लक असतो. कॉइलवर जोराच्या फवाऱ्याने पाणी मारू नका, पत्र्याच्या पातळ पट्ट्या वाकतात.

८. पर्ल किंवा वेस्ट बेच्या टॉवरमध्ये राहणाऱ्यांनो, तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरात कॉम्प्रेसरच नाही. गार पाणी मध्यवर्ती प्लांटमधून येतं. पर्लचा प्लांट तर १,३०,००० टनांचा आहे. तुमच्या फ्लॅटमध्ये फक्त कॉइल आणि पंखा. कोणी तिथे 'गॅस भरतो' म्हणाला तर त्याचा फोटो काढून मला पाठवा. :-)

९. आणि हे माझ्याकडून: १ जून ते १५ सप्टेंबर, दहा ते साडेतीन कोणालाही गच्चीवर चढवू नका. तो स्वतः तयार असला तरी. विशेषतः तो स्वतः तयार असला तर, कारण त्याला नाही म्हणायची सोय नसते. इक्का नाही म्हणू शकले, कारण त्यांच्या पाठीशी अठरा वर्षं होती.

आता दरवर्षी मार्चअखेरीस, सकाळी सहाला, मी इक्कांना बोलावून वरचा डबा धुऊन घेतो. खालच्या इजिप्शियन शेजाऱ्यांचाही त्यातच होतो. आई अकोल्याला परत गेली. जाताना इक्कांसाठी शेंगदाण्याची चटणी ठेवून गेली. माझ्यासाठी मात्र एकच वाक्य, "रिमोटले मी हात लावला नव्हता, हे आता तरी पटलं ना?"

पटलं, आई. इथे सगळ्यांसमोर लिहून देतो.

चू. भू. द्या. घ्या. आपल्यात एसीच्या धंद्यातले जाणकार आहेतच, काही चुकलं असेल तर त्यांनी जरूर दुरुस्त करावं.

आपला,
ओल्ड एअरपोर्टचा एक भाडेकरू